रोड टच

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं आवरून लिहून दिलं आहे.)



मला 'सोसायटीची पंचवीस वर्षं' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. सेक्रेटरींनी ताकीदही दिली आहे की मसालेभात गरम आहे तोवर संपवा. पण पंचवीस वर्षांचा आढावा याच स्मरणिकेत अहवाल म्हणून छापलेला आहे. टाकी कधी गळली, लिफ्ट कधी बदलली, कन्व्हेयन्ससाठी किती खेटे घातले, सगळं त्यात आहे. ते पुन्हा वाचून दाखवण्यात अर्थ नाही. म्हणून मी अशा एका गोष्टीवर बोलणार आहे, जी सध्या आपल्या सगळ्यांच्या खिडकीतून दिसते. समोरचा टॉवर.

गेल्या महिन्यात माझी नात सुट्टीला आली होती. ती आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "आजोबा, चला, त्यांचं सेल्स ऑफिस बघून येऊ." आम्हाला काही घ्यायचं नव्हतं. माझं पेन्शन आणि तिथल्या फ्लॅटची किंमत यांची एका वाक्यात गाठ घालणंही बरं नाही. पण मी इस्त्रीचा शर्ट घातला होता, त्यामुळे आत सोडलं. लिंबू सरबतही दिलं.

मधोमध काचेखाली टॉवरची प्रतिकृती होती. बावन्न मजले, माझ्या खांद्याएवढी उंच. निळा तरणतलाव, हिरवी झाडं, काडीएवढी माणसं, बोटाच्या पेराएवढ्या मोटारी. मी चष्मा लावून आपली सोसायटी शोधू लागलो. दिसेना. शेवटी लक्षात आलं, आपल्या दोन विंग जिथे असायला हव्यात तिथे टेबलच संपत होतं. त्या कडेवर कुणीतरी सरबताचा रिकामा ग्लास ठेवला होता.

मी तिथल्या मुलाला विचारलं, "अहो, यात रस्ता कुठे आहे?" मुलगा हसतमुख होता, सभ्य होता. म्हणाला, "सर, रोड टच आहे ना प्रॉपर्टी!"

घरी येताना तो शब्द माझ्या डोक्यात राहिला. रोड टच. बँकेत असताना तारण म्हणून आलेल्या कितीतरी प्लॉटांच्या कागदांत मी तो वाचला आहे. रोड टच म्हटलं की भाव चढा, एवढाच अर्थ मला माहीत होता. पण इमारत रस्त्याला टच करते म्हणजे नेमकी कशी करते? हात मिळवते, की कोपर मारते? बावन्न मजल्यांची इमारत जिथे जमिनीला टेकते, तिथे रस्त्याचं काय होतं? आज माझं बोलणं एवढ्यापुरतंच आहे.

आपण टॉवरविषयी बोलतो तेव्हा पहिला प्रश्न असतो, किती मजली? वरच्या मजल्यांशी आपला संबंध मान दुखेपर्यंतच. रोजचा संबंध येतो तो खालच्या तीस फुटांशी. फूटपाथ, भिंत, फाटक, गाड्यांचा रॅम्प, दिवा, गटार. डेन्मार्कचे जान गेल नावाचे वास्तुरचनाकार आहेत. त्यांनी आयुष्यभर रस्त्यावरची माणसं न्याहाळली. ते म्हणतात, साधारण पाचव्या मजल्यापर्यंतच माणसाचं रस्त्याशी नातं टिकतं. तिथवर चेहरा ओळखू येतो, हाक ऐकू जाते. त्याच्या वर गेलं की रस्ता म्हणजे नुसता देखावा. आपल्याला हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. दुसऱ्या मजल्यावरून टोपली खाली सोडून कोथिंबीर घेता येते, पंधराव्यावरून येत नाही.

आता समोरच्या इमारतीत पहिल्या पाच मजल्यांवर काय आहे? नातीने माहितीपत्रकातला छेद मला समजावून सांगितला. खाली दोन तळघरं. वर सहा मजले पार्किंगचं पोडियम. त्याच्या छतावर बाग आणि तरणतलाव. घरं त्याच्याही वर. म्हणजे ज्या खिडकीतून माणूस डोकावेल अशी पहिली खिडकी आपल्या गच्चीच्या उंचीवर असणार. त्याखाली फक्त मोटारी. म्हणजे रस्त्याशी नातं टिकवायची जागा आपण माणसांऐवजी मोटारींना दिली. मोटारी काही खाली वाकून "काय काकू, बाजारात का?" असं विचारत नाहीत.

आणि जमिनीवर भिंत. मी पत्र्यांच्या कडेकडेने चालून मोजली. आपल्या बाजूने माझी एकशे चाळीस पावलं भरली. त्यात दोन फाटकं, एक गाड्या आत जायचं आणि एक बाहेर यायचं. पायी माणसासाठी वेगळं एकही नाही.

इथे कुणी म्हणेल, भिंतीचं एवढं काय? आधी तिथे गिरणी होती, तिलाही भिंत होतीच. खरं आहे. मी त्याच भिंतीच्या कडेने शाळेत गेलो आहे. माझे वडील साचाखात्यात होते. गिरणीची भिंत आजच्या पत्र्यांपेक्षा उंच होती, काळी होती. पण तिच्या फाटकातून पाळी सुटली की हजारो माणसं पायी बाहेर पडायची. भोंगा झाला की रस्ता भरून जायचा. फाटकासमोर चहा, पानपट्टी, सायकलवाला, वर्तमानपत्राचं जाहीर वाचन, युनियनची गेटसभा. आजूबाजूच्या चाळींत खानावळी. त्या चालवणाऱ्या बायकांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळू लागलं. मी तेव्हा बँकेत नवा होतो. तारण म्हणून दाखवायला त्यांच्याकडे काही नव्हतं, होती ती फक्त रोज जेवायला येणारी माणसं. म्हणजे त्या भिंतीबाहेरच्या रस्त्याची पत बँकेने मान्य केली होती.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, आणि पुढे तो भोंगा बंदच पडला. ते दुःख आज उगाळत नाही, या सभेत निम्म्या घरांत ते आहे. मला एवढंच सांगायचं आहे, की भिंत त्या वेळीही होती, पण तिच्या फाटकातून पायी माणूस बाहेर पडत होता. टॉवरमधला माणूस लिफ्टने थेट पार्किंगमध्ये उतरतो, गाडीत बसतो आणि त्याचा पाय जमिनीला लागतो तो दुसऱ्याच कुठल्या तरी इमारतीत. यात त्याचा दोष नाही. त्याला चालत बाहेर पडायला कुणी दारच ठेवलेलं नाही.

उंच इमारत बांधायची म्हणजे रस्ता मारायचाच, असं काही आहे का? मला तसं वाटत नाही. माझी नोकरीची पंधरा वर्षं फोर्टमध्ये, दादाभाई नवरोजी रोडवर गेली. जुन्या लोकांच्या तोंडी हॉर्नबी रोड. तिथल्या इमारती त्या काळच्या मानाने मोठ्या. पण १८९६ साली तिथे एक नियम झाला, की इमारतीच्या तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींचा सज्जा सोडायचा. म्हणून आजही व्ही.टी.ला उतरून माणूस एका मालकाच्या इमारतीखालून दुसऱ्या मालकाच्या इमारतीखाली, असा सावलीतून चालत जातो. जुलै महिन्यात छत्री विसरलो तरी मी कोरडा बँकेत पोचायचो. वाटेत घड्याळ दुरुस्त करणारा, रबरी शिक्के बनवणारा, फाउंटन पेनवाला. सव्वाशे वर्षं झाली. मालक बदलले, भाडेकरू बदलले, रस्त्याचं नाव बदललं. पण तळमजल्यावर सोडलेले ते काही फूट अजून कामाला येतात. जागा मालकाची, सावली सगळ्यांची.

दुसरं उदाहरण माझ्या मुलीकडचं. ती सिंगापूरला असते. २०१४ साली आम्ही दोघं तिच्याकडे तीन महिने राहिलो. तिथे दहापैकी साधारण आठ माणसं सरकारी गृहनिर्माण मंडळाने बांधलेल्या इमारतींत राहतात. त्यांतल्या कित्येक इमारतींचा तळमजला मोकळा सोडलेला असतो. खांब, फरशी, वर छत, बस्स. त्याला ते 'व्हॉइड डेक' म्हणतात. आपण पोकळ तळमजला म्हणू. पण पोकळ कसला! सकाळी म्हातारे दगडी टेबलांवर पट मांडून बसलेले. दुपारी शाळेतून आलेली मुलं. एका रविवारी तिथे मलय कुटुंबाचं लग्न होतं. आणि काही दिवसांनी त्याच फरशीवर एका चिनी आजोबांचं अंत्यदर्शन. मला आमच्या चाळीचा सोपा आठवला. तिथेही बारसं, साखरपुडा आणि ज्याला चुकवता येत नाही तो प्रसंग, सगळं एकाच जागी व्हायचं.

मुलीने आम्हाला 'पिनॅकल ॲट डक्स्टन' नावाची वसाहतही दाखवली. पन्नास मजल्यांचे सात टॉवर, २००९ साली पुरे झालेले, तेही सरकारी मंडळाने बांधलेले. सव्विसाव्या आणि पन्नासाव्या मजल्यावर पुलांनी जोडलेले. पैसे भरून आमच्यासारख्या परक्या माणसालाही पन्नासाव्या मजल्यावरच्या पुलावर जाता येतं. आम्ही गेलो. मुंबईत ज्या टॉवरच्या भिंतीला टेकून उभं राहिलं तरी शिट्टी वाजते, त्याच उंचीवर मी सिंगापुरात तिकीट काढून शेंगदाणे खात उभा होतो. तेव्हा उंचीला दोष देण्यात अर्थ नाही. घरं उंच रचली तर उलट खाली जमीन मोकळी राहायला हवी. ती कुणासाठी मोकळी राहते, एवढाच प्रश्न आहे.

आता मित्रहो, इथवर मी दुसऱ्यांच्या भिंतीविषयी बोललो. टाळ्याही मिळाल्या. आता आपल्या भिंतीविषयी बोलतो.

आपली सोसायटी झाली तेव्हा आपली भिंत चार फुटांची होती आणि मागच्या गल्लीत उघडणारं एक छोटं फाटक होतं. जुन्या सभासदांना आठवत असेल. त्या फाटकाबाहेर भाजीवाल्या मावशी बसायच्या. कोण कधी बाहेर गेलं, कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाच्या मुलाला ताप आहे, त्यांना सगळं ठाऊक. त्या फाटकातून मुलं पाच मिनिटांत शाळेत पोचायची.

२००६ च्या जुलैत लोकलगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. सगळी मुंबई घाबरली होती, आपणही घाबरलो. त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत ठराव आला, की भिंत आठ फूट करावी, वर काचा लावाव्यात आणि मागचं फाटक कायमचं बंद करावं. फाटकावरचा वॉचमन कमी केला की वर्षाला अठ्ठेचाळीस हजार रुपये वाचतात, हा हिशोबही मांडला गेला. ठराव एकमताने मंजूर झाला. तेव्हाचा खजिनदार मी होतो. हिशोब मी मांडला होता आणि ठरावाचा सूचकही मीच होतो. इतिवृत्तात आहे.

पुढे काय झालं ते आपण पाहिलं आहे. गिऱ्हाईक येईना म्हणून मावशी सहा महिन्यांत उठल्या. त्यांच्या जागी मोडक्या स्कूटर आल्या. मग कचरा आला. मग पुरुष मंडळी भिंतीचा उपयोग करू लागली, तेव्हा आपण वर्गणी काढून देवांच्या चित्रांच्या फरशा लावल्या. फाटकावरचा माणूस काढला आणि त्याच्या जागी देवांना कामाला लावलं. मुलं मोठ्या रस्त्याने वळसा घालून शाळेत जाऊ लागली.

२०१९ च्या ऑगस्टमधली गोष्ट. संध्याकाळी साडेसात-आठची वेळ, पाऊस पडत होता, गल्लीतले दिवे गेले होते. आमची सौ. भजनाहून परत येत होती. भिंतीच्या कडेने येताना घसरून पडली. मोबाइल पर्समध्ये, पर्स पाण्यात. तिने हाका मारल्या. भिंतीच्या आत चाळीस फुटांवर आपला वॉचमन बसला होता. त्याला पावसात काही ऐकू आलं नाही आणि आठ फुटांपलीकडे दिसणार तरी काय? गल्लीत चिटपाखरू नव्हतं. वीस मिनिटं ती तिथे होती. शेवटी मोटारसायकलवरून पार्सल पोचवणारा एक मुलगा चुकून त्या गल्लीत शिरला, त्याने तिला उठवून पुढच्या फाटकाशी आणलं. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. ते ऑपरेशनने बरं झालं. पण अंधार पडल्यावर एकटी त्या गल्लीतून ती आजही येत नाही.

ती इथे पहिल्या रांगेत बसली आहे. हे सांगायची परवानगी मी तिच्याकडून घेतली. तिने एक अट घातली. म्हणाली, "मी पडले ते माझ्या चपलेमुळे, हे नीट सांगा. पण कुणी पाहिलं नाही ते तुमच्या भिंतीमुळे, हेही सांगा."

ते सांगितलं.

नातीने मला नंतर एका पुस्तकाविषयी सांगितलं. अमेरिकेत जेन जेकब्स नावाच्या बाई होत्या. १९६१ साली त्यांनी शहरांवर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की रस्ता सुरक्षित राहतो तो पोलिसांमुळे कमी आणि त्याच्यावर लागलेल्या डोळ्यांमुळे जास्त. दुकानदार, खिडकीतली आजी, येणारे-जाणारे. हे डोळे पगारी नसतात, म्हणून ते ताळेबंदात दिसत नाहीत. मी अठ्ठेचाळीस हजार वाचवले ते जमेच्या बाजूला लिहिले. मावशींचे डोळे गेले, ते खर्चाच्या बाजूला लिहायला माझ्या वहीत रकानाच नव्हता. छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाने केलेली ही चूक आहे.

म्हणून समोरच्या बिल्डरला नावं ठेवायला मला तोंड नाही. त्याने एकशे चाळीस पावलांची भिंत घातली, कारण त्याचं गिऱ्हाईक घाबरलेलं आहे. आपण त्याच्या वीस वर्षं आधी घाबरलो होतो. फरक इतकाच, की आपली भिंत आठ फुटांची आणि त्याची सहा मजल्यांची. पण त्याची इमारत अजून पूर्ण झालेली नाही. खालच्या भागाचं पुष्कळसं काम शेवटी होतं. फूटपाथ, फाटक, कुंपण, दिवे यांचा निर्णय अजून कागदावर आहे. कागदावर असतानाच बोलायचं असतं, कर्ज देऊन झाल्यावर अटी घालता येत नाहीत.

काय बोलायचं? नातीने आणि मी बसून चार मुद्दे काढले आहेत.

पहिला मुद्दा फूटपाथचा. गाड्यांच्या फाटकापाशी फूटपाथ तोडून रॅम्प करतात. मग काठी घेतलेल्या माणसाने खाली उतरायचं, गाडी चुकवायची, पुन्हा वर चढायचं. हे उलटं हवं. फूटपाथ एका पातळीत सलग जावा आणि गाडीने हळू होऊन त्यावर चढावं-उतरावं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत फूटपाथवर चालायला किमान १.८ मीटर, म्हणजे सुमारे सहा फूट मोकळी रुंदी आणि कडेची उंची फार तर १५० मिलिमीटर सांगितली आहे. सहा इंच. आपल्या गुडघ्यांना विचारा, सध्या किती आहे ते.

दुसरा मुद्दा भिंतीचा. एक गोष्ट मान्य करू, की उंच इमारतीभोवती अग्निशमन दलाचा बंब फिरेल एवढी मोकळी जागा ठेवावीच लागते. त्यामुळे हॉर्नबी रोडसारखी इमारत फूटपाथवर आणून उभी करा, असं आपण म्हणू शकत नाही. पण बंबाला मोकळी जागा लागते, भिंत लागत नाही. कुंपण खाली दोन-अडीच फूट पक्कं आणि वर लोखंडी जाळीचं केलं, तर आतला वॉचमन बाहेर पाहील आणि बाहेरचा माणूस आत. आतली झाडं रस्त्यालाही दिसतील. खर्च वाढत नाही, झाला तर कमीच होतो. पोडियमच्या रस्त्याकडच्या बाजूला मोटारींऐवजी चार दुकानं, एखादा दवाखाना, पाळणाघर असं काही आलं, तर फारच उत्तम.

तिसरा मुद्दा पायी माणसांच्या फाटकाचा, बसस्टॉपच्या बाजूला. त्या टॉवरमध्ये नुसते मोटारवाले नसणार. स्वयंपाकाच्या बायका, धुणीभांडी करणाऱ्या, ड्रायव्हर, दूधवाले, इस्त्रीवाले, रोज शेकडो माणसं पायी येणार. त्यातली बरीच आपल्याच आजूबाजूच्या वस्तीतली असतील. त्यांनी गाड्यांच्या रॅम्पवरून का जावं? आणि ड्रायव्हर लोकांना बसायला, चहा प्यायला, संडासला जागा आतच द्या. नाहीतर ती सगळी सोय आपल्या गल्लीत आणि देवांच्या चित्रांखाली होईल.

चौथा मुद्दा वाऱ्याचा आणि पाण्याचा. उंच इमारतीवर वारा आपटला की त्यातला बराचसा भिंतीवरून खाली घसरतो आणि पायथ्याशी जोर धरतो. पावसाळ्यात टॉवरखालून जाताना छत्री उलटी होते ती त्यामुळे. फाटकावर आणि फूटपाथच्या बाजूने पुढे आलेलं छत असेल, तर तो झोत वरच अडतो. आणि पाणी. हिंदमाताचं पाणी आपल्याला नवं नाही. नवी इमारत आपली जमीन भरणी घालून उंच करते, आणि तिच्या आवारात पडलेलं पाणी उताराने रस्त्यावर, रस्त्यावरून आपल्या तळमजल्यात. त्यांचं पाणी कुठे मुरणार, कुठे साठणार, हे आपण आत्ताच विचारलं पाहिजे. सप्टेंबरात विचारून उपयोग नाही.

हे चारही मुद्दे पत्रात लिहून बिल्डरला आणि महापालिकेच्या एफ दक्षिण वॉर्डाला द्यावेत, अशी माझी विनंती आहे. आजूबाजूच्या सोसायट्यांच्या सह्या घ्याव्यात. सगळं मान्य होईल असं मी म्हणत नाही. दोन मुद्दे जरी मान्य झाले, तरी पुढची पन्नास-साठ वर्षं त्या रस्त्याने जाणाऱ्या माणसांना ते पुरतील.

आणि हे आपल्यासाठीही आहे. पाच-सात वर्षांनी आपल्या इमारतीची वेळ येईल. शासनाच्या २०१९ च्या आदेशानंतर निम्म्याहून अधिक, म्हणजे ५१ टक्के सभासदांची संमती पुनर्विकासाला पुरते. तेव्हा सभेत तीन प्रश्न येतील हे मी आजच लिहून देतो. कार्पेट किती वाढणार, कॉर्पस किती मिळणार, भाडं किती देणार. तिन्ही रास्त आहेत, मीही विचारीन, असलो तर. पण चौथा प्रश्न इतिवृत्तात आलाच पाहिजे: आपली इमारत रस्त्यावर कशी उतरणार? पहिल्या पाच मजल्यांवर माणसं असणार की मोटारी? खाली ज्येष्ठांना बसायला कट्टा असेल का आणि तिथून रस्ता दिसेल का? कारण वर गेल्यावर आपल्यातले बरेच जण सत्तरीचे असतील. समुद्र दिसेलही, पण समुद्र "जेवलात का?" असं विचारत नाही.

आता शेवटचं. येत्या सर्वसाधारण सभेसाठी मी एक ठराव लेखी दिला आहे. मागचं फाटक पुन्हा उघडावं. सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाच ते नऊ. तिथे एक वॉचमन ठेवावा. मागची भिंत वरून चार फूट उतरवून तिथे जाळी बसवावी आणि बाहेर एक दिवा लावावा. देवांच्या फरशा काढून मंदिरात नीट ठेवाव्यात, त्यांची सेवा पुष्कळ झाली. हिशोब जोडला आहे. वॉचमनचे महिन्याला अठरा हजार धरले आणि ते आपल्या ५६ घरांत वाटले, तर घरामागे सव्वातीनशेच्या आत. या वेळी हिशोबात मी आणखी एक रकाना घातला आहे. तो रिकामा आहे. तिथे काय लिहायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

२००६ च्या ठरावाचा सूचक मी होतो. या ठरावाचा सूचकही मीच आहे. अनुमोदक म्हणून पहिल्या रांगेतल्या एका सभासदाची सही झालेली आहे, उजव्या हाताने, थोडी वाकडी आली आहे.

त्या फाटकाची किल्ली गेली एकोणीस वर्षं माझ्याच कपाटात होती. आज येताना तेल घालून आणली आहे. ती सेक्रेटरींच्या हाती देतो आणि थांबतो. मसालेभात अजून गरम असावा.

जय हिंद, जय महाराष्ट्र.